परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या घरच्यांसाठी

ईशाची आई (बी-७०४), रात्री ९:१२
नमस्कार. या वर्षी आपल्या सोसायटीतली तीन मुलं परदेशी शिकायला निघाली आहेत. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये पाचेक जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "बॅगेत काय काय द्यायचं?" म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते. लांबेल, सावकाश वाचा.

बॅगेचं शेवटी सांगते. गेल्या वर्षी आम्हीही दोन महिने बॅगच भरत होतो. याद्या केल्या, वजनकाटा आणला, चारदा सामान उपसून पुन्हा लावलं. आणि ईशा तिकडे पोचली त्या रात्री सगळं अडलं ते एका ओटीपीवर. खोलीची उरलेली रक्कम तिथे पोचल्यावर कार्डाने भरायची होती. बँकेने ओटीपी पाठवला तो तिच्या इथल्या नंबरवर, आणि त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग आम्ही चालूच केलं नव्हतं. तिने तीनदा प्रयत्न केला आणि कार्ड ब्लॉक झालं. दुसरं कार्ड मोठ्या बॅगेत होतं, आणि ती बॅग मधल्या विमानतळावरच राहिली होती. मी इथून हेल्पलाइनला फोन लावला, तर ते म्हणाले खातेदाराने नोंदवलेल्या नंबरवरूनच बोललं पाहिजे. पोरगी वसतिगृहाच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून होती. शेवटी एका सीनियर मुलीने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून मला वाटतं, तयारी करायची ती पहिल्या पंधरा दिवसांची. त्या दिवसांत मुलाला काय काय लागेल आणि त्यातलं काय तिथे गेल्यावर मिळणारच नाही, हे आधी बघा.

अथर्वचे बाबा (ए-३०२), ९:२०
ताई, हे वाचून पोटात गोळा आला. आम्ही रोमिंगचा विचारच केला नव्हता. तिकडे गेल्यावर नवीन सिम घेईल, एवढंच डोक्यात होतं.

ईशाची आई (बी-७०४), ९:२४
नवीन सिम घेईलच, पण बँक, ईमेल, विद्यापीठाचं लॉगिन, सगळं या जुन्या नंबरला बांधलेलं असतं. तो नंबर निदान वर्षभर जिवंत ठेवायचा. रोमिंग निघण्याच्या आठ-दहा दिवस आधीच चालू करून घ्या, विमानतळावर नाही. सिमचं ई-सिम करायचं असेल तर तेही आत्ताच, कारण अदलाबदलीत काही तास मेसेज बंद राहू शकतात. फोनमध्ये दोन सिम चालतात ना आणि फोन कुठल्या कंपनीला लॉक नाही ना, तेही बघा. आणि फोन हरवला तर? ईमेलचे बॅकअप कोड कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळे ठेवायला सांगा.

साठे काका (ए-६०१), ९:३१
मी बँकेत ३४ वर्षं काढली, म्हणून थोडी भर घालतो. दोन कार्डं द्या, शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कची (एक व्हिसा, एक मास्टरकार्ड असं) आणि वेगवेगळ्या खात्यांची. एक पाकिटात, दुसरं हातातल्या सामानात पण वेगळ्या कप्प्यात. परदेशातले व्यवहार कार्डावर चालू आहेत का आणि मर्यादा किती ठेवली आहे, हे अॅपमध्ये स्वतः बघा. बऱ्याच कार्डांवर ती सोय मुळात बंद असते. दुकानातलं मशीन विचारतं, "तुमच्या चलनात घेऊ की इथल्या?" तेव्हा नेहमी तिथलं चलन निवडायचं. आपलं चलन निवडलं की दुकानदाराच्या बाजूचा दर लागतो, आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो.
रोख पहिल्या तीन-चार दिवसांपुरती, लहान नोटांमध्ये. फार रोख देऊ नका. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख नेली तर ती जाहीर करावी लागते. पण मुद्दा कायद्याचा नाही, पाकीट हरवण्याचा आहे.

तन्वी (डी-५०२), ९:४०
काकू, मी जर्मनीला जाते आहे. माझे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आहेत, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवतात आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच मिळते, त्या खात्यात. मग मला वेगळी सोय करायची गरज आहे का?

ईशाची आई (बी-७०४), ९:४६
हो गं, नक्की आहे. सप्टेंबर २०२४ पासून तिथे वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. पण ते पैसे तू उतरलीस त्याच दिवशी हातात येत नाहीत. आधी खातं सुरू करून घ्यावं लागतं, बहुतेकदा तिथलं बँक खाते उघडावं लागतं. त्यात पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून साधारण दोन आठवड्यांत करायची असते, आणि तिला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. म्हणजे एका कागदावाचून दुसरा अडतो. निदान महिनाभराचा खर्च या साखळीच्या बाहेर, तुझ्या कार्डावर असू दे.
आणि म्हणूनच, तात्पुरती खोली घेताना आधी विचार की तिथे पत्ता नोंदवून देतात का. पुष्कळ ठिकाणी देत नाहीत.

तन्वी (डी-५०२), ९:४८
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लगेच मेल करते.

डॉक्टर काकू (सी-१०१), १०:०५
माझ्याकडे दर वर्षी जुलैच्या शेवटी मुलं लसीकरणाचे फॉर्म घेऊन धावत येतात, म्हणून आत्ताच सांगते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस मागतात, आणि दोन डोसांमध्ये किमान २८ दिवस जावे लागतात. पहिला डोस उशिरा घेतला तर दुसरा निघण्याआधी बसतच नाही, मग तिथे वर्गनोंदणी अडते. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त जाणाऱ्यांना काही देशांतून क्षयरोगाची तपासणी लागते. आपला देश त्यात आहे, आणि ती ठरावीक केंद्रांवरच करावी लागते. लहानपणीचं लसीचं कार्ड शोधा. सापडलं नाही तर रक्ततपासणीने प्रतिकारशक्ती दाखवता येते, पण त्यालाही वेळ लागतो.
दात आणि डोळे जाण्याआधी तपासा. दातांचा खर्च विद्यार्थ्यांच्या विम्यात अनेकदा येत नाही. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद आणि एक जादा चष्मा द्या.
औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते. नियमित औषध असेल तर मूळ वेष्टनातच न्या, डब्यात काढून नाही. सोबत माझ्यासारख्या कुणाचं इंग्रजी पत्र, त्यात औषधाचं रासायनिक नाव, कारण कंपनीचं नाव तिकडे कुणी ओळखत नाही. अगदी साधं उदाहरण, पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. मुलाला ते माहीत नसेल तर दुकानात उभं राहून गोंधळतो किंवा एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतो, आणि त्याने यकृताला इजा होऊ शकते. झोपेच्या, चिंतेच्या, एडीएचडीच्या (लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या) गोळ्या असतील तर त्या देशाचा नियम आधी वाचा. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं डॉक्टरांचं पत्र असलं तरी चालत नाहीत, आणि सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्यांवरही मर्यादा आहे. मन:स्वास्थ्याचं औषध चालू असेल तर "आता बरं वाटतंय, तिकडे बघू" म्हणून बंद करू देऊ नका. जागा बदलताना ते सगळ्यात जास्त लागतं.

अथर्वचे बाबा (ए-३०२), १०:१४
डॉक्टर, उद्या संध्याकाळी अथर्वला घेऊन येतो. त्याचा पहिलाच डोस बाकी आहे.

ईशाची आई (बी-७०४), १०:२२
आता कागदपत्रं. सगळ्यांनी आज रात्री एक करा. पासपोर्ट काढा, त्यावरचं नाव आणि मुदत स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मग ते नाव गुणपत्रिकेशी, प्रवेशपत्राशी, तिकिटाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नाहीच. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी "एफएनयू", म्हणजे "पहिलं नाव अज्ञात", छापतात. पुढे बँक, विद्यापीठ सगळीकडे तेच चिकटतं. दुरुस्ती करायची तर व्हिसाच्या आधी.
शिक्के मारलेल्या बंद लिफाफ्यातल्या गुणपत्रिका तीन-चार संच काढून ठेवा. लिफाफा घरी कुणीही फोडायचा नाही.

साठे काका (ए-६०१), १०:२९
ॲपोस्टिलचंही सांगा.

ईशाची आई (बी-७०४), १०:३५
हो. तुमचा कागद खरा आहे हे परदेशात मान्य व्हावं म्हणून १९६१ च्या हेग करारातलं ॲपोस्टिल. तो देश करारात असेल आणि करार आपल्या देशाशी लागू असेल तर एक शिक्का पुरतो, नसेल तर दूतावासाची पायरीही लागू शकते. कॅनडा तर जानेवारी २०२४ मध्येच करारात आला. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. विद्यापीठाला लेखी विचारा की कुठला कागद कसा हवा. सगळ्यांना सगळे कागद लागत नाहीत, उगाच खर्च होतो.
हातातल्या सामानात एक फोल्डर: पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, पैशांचे पुरावे, विमा, राहण्याचा पत्ता, विद्यापीठाच्या ऑफिसचा फोन. सगळं कागदावर. अमेरिकेला जाणाऱ्यांनी सही केलेला आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा फॉर्म) हातातच ठेवायचा. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथे प्रवेश मिळत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तारीख मोजा. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. त्या खात्याचं लॉगिन मुलाच्या हातात हवं, एजंटच्या नाही.

अथर्वचे बाबा (ए-३०२), १०:४१
खोलीचं काय करायचं? अथर्वला एका ग्रुपवर फोटो आलेत. जागा छान दिसते, पण दोन महिन्यांचं डिपॉझिट आजच मागतायत, नाहीतर दुसऱ्याला देतो म्हणतात.

ईशाची आई (बी-७०४), १०:४३
पाठवू नका! कृपा करून थांबा. घाई करणारा, व्हिडिओवर खोली दाखवायला टाळणारा, किल्ली कुरियरने पाठवतो म्हणणारा माणूस असला की तिथेच सोडून द्या. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाची तात्पुरती सोय घ्या आणि खोली डोळ्यांनी बघून मग करार करा. तिथे पोचल्यावर "इमिग्रेशनमधून बोलतोय, ताबडतोब दंड भरा" असे फोनही येतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, फोन ठेवायचा आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारायचं.

अथर्वचे बाबा (ए-३०२), १०:४५
बरं झालं विचारलं. थांबवतो त्याला.

साठे काका (ए-६०१), १०:५२
एक अजून. "तिकडे नोकरी करून भाडं काढेल" असं धरून हिशेब करू नका. तासांना मर्यादा असते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात आठवड्याला २०, कॅनडात कॉलेजच्या बाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. ती ओलांडली तर व्हिसा धोक्यात येतो. आणि पहिल्या सत्रात अभ्यास समजून घेण्यातच जीव जातो.

ईशाची आई (बी-७०४), ११:०१
बॅगेचं आता थोडक्यात. एक दिवसाचे कपडे, औषधं, चार्जर, चष्मा, सगळे कागद हातातल्या बॅगेत. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात चालते, १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे ठीक. चार्जरवर "१०० ते २४०" लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. केस वाळवायचं मशीन नेऊ नका, अमेरिकेत १२० व्होल्टवर ते नीट चालतच नाही. गरम कपडे एकच संच द्या, खरी थंडीची खरेदी तिथेच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा असेल तर तो मात्र इथूनच काढायचा, तिकडे मिळत नाही.

ईशाला हा ग्रुप दाखवला. तिने लिहिलेलं जसंच्या तसं टाकते:
"तन्वी, अथर्व, इंटरनेट नसताना पहिल्या पत्त्यावर कसं पोचायचं ते कागदावर लिहून ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवा. आणीबाणीचा नंबर पाठ करा, युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११. तिसऱ्या आठवड्यात रडू येतं. पहिल्या आठवड्यात नाही, तेव्हा धावपळ असते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. विद्यापीठात समुपदेशक असतो, मी महिन्याने गेले, आधीच जायला हवं होतं. आईबाबांशी बोलायची वेळ ठरवा, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं एक तास मागे जातात हे दोन्ही घरांना माहीत असू दे. त्या रविवारी आई तासभर घाबरली होती."

तन्वी (डी-५०२), ११:०९
ईशाताईला थँक यू सांगा. तिसऱ्या आठवड्याचं मी लिहून ठेवलं.

अथर्वची आई (ए-३०२), ११:१६
मी पहिल्यांदाच लिहिते आहे इथे. अथर्वला घरातलं एकही फॉर्म भरायचं काम आम्ही कधी करू दिलं नाही. आता भीती वाटते.

ईशाची आई (बी-७०४), ११:२१
अजून सात आठवडे आहेत. उद्यापासून त्याचे सगळे मेल त्यालाच लिहू द्या, बँकेला फोन त्यालाच करू द्या, विम्याची पॉलिसी त्यालाच वाचून तुम्हाला समजावू द्या. तुम्ही शेजारी बसा. चुकेल, इथे चुकलेलं बरं. रविवारी अकरा वाजता तिन्ही मुलांना घेऊन माझ्याकडे या, ईशाचं फोल्डर आहे ते दाखवते.

तन्वीची आई (डी-५०२), ११:३८
तुम्ही सांगितलंत म्हणून आत्ता पासपोर्ट काढून बघितला. नाव बरोबर आहे, पण मुदत येत्या जानेवारीत संपते. व्हिसाची अपॉइंटमेंट बारा दिवसांवर आहे.

ईशाची आई (बी-७०४), ११:३९
अपॉइंटमेंट रद्द करू नका अजून. आधी त्यांना मेल करून विचारा, आणि नूतनीकरणाचा तातडीचा अर्ज आजच ऑनलाइन भरा. मी जागी आहे. तन्वीला लॅपटॉप घेऊन वर पाठवा.

तन्वी (डी-५०२), ११:४०
येते काकू.