हातातला एडीएस-बी रिसिव्हर: जमिनीवरून येणारं फुकटचं हवामान पुरेसं आहे की उपग्रहाची वर्गणी भरावी?

पंखवाला (न्यू जर्सी)

मंडळी, आम्हा चौघांच्या भागीदारीत एक जुनं छोटं सेसना १७२ विमान आहे, लिंडनला ठेवतो. जानेवारी २०२० पासून न्यूयॉर्कच्या मोठ्या विमानतळांभोवती ३० नॉटिकल मैलांत एडीएस-बी आउट (विमानाची जागा आणि उंची रेडिओवरून सतत कळवणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, म्हणून त्याआधीच ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) बदलून घेतला. त्यामुळे आम्ही सगळ्यांना दिसतो. पण बाकीचे कुठे आहेत ते आम्हाला दिसत नाही, कारण विमानात 'इन'ची, म्हणजे इतरांचे असे संदेश ऐकायची, सोयच नाही. पॅनलमध्ये बसवून घ्यायचा खर्च चौघांनाही झेपणारा नाही. तेव्हा खिडकीच्या काचेला चिकटवायचा रिसिव्हर घ्यायचं ठरतंय आणि तिथेच आमचं अडलंय.

माझं मत स्पष्ट आहे. १०९० आणि ९७८ मेगाहर्ट्झ दोन्ही ऐकणारा, स्वतःची बॅटरी असलेला, कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर आत असलेला तयार रिसिव्हर घ्यावा. उदाहरणार्थ सेंट्री. ९७८ हवाच, कारण एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) जमिनीवरच्या मनोऱ्यांकडून मिळणारं हवामान, म्हणजे फिस-बी, फक्त त्याच फ्रिक्वेन्सीवर येतं. रडार, मेटार (विमानतळावरचं सध्याचं हवामान), टाफ (तिथला अंदाज), तात्पुरत्या हवाईबंद्या, सगळं विनामूल्य. मग उपग्रहाची दरमहा वर्गणी कशासाठी?

माझ्यासाठी खरा मुद्दा ट्रॅफिकचा आहे. आम्ही न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीवरून खूप उडतो. १,३०० फुटांच्या खाली तिथे कंट्रोलर नसतो, रेडिओच्या १२३.०५ मेगाहर्ट्झवर आपणच आपला ठावठिकाणा सांगत जायचं. ८ ऑगस्ट २००९ ला तिथेच एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं, ९ माणसं गेली. तिथून जाताना दर वेळी मला ते आठवतं.

टेक्सासकर

पंखवाला, ट्रॅफिकबद्दल वाद नाही. हवामानाबद्दल मात्र तुम्ही चुकताय.

फिस-बी मनोऱ्याच्या थेट नजरेत असल्याशिवाय येत नाही. हवेत असताना ठीक आहे, पण मला चित्र सगळ्यात जास्त हवं असतं ते इंजिन सुरू करण्याआधी! मे महिन्यात पूर्व टेक्सासमधल्या एका छोट्या धावपट्टीवर जेवायला उतरलो होतो. परत निघताना पश्चिमेला आभाळ काळवंडलेलं, फोनला रेंज नाही आणि फिस-बीचा पडदा कोरा. सव्वा तास थांबलो, कारण काहीच कळत नव्हतं. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवरही येतो, दरीतही येतो. शिवाय फिस-बीवर जवळचं रडार बारीक दिसतं, पण देशभराचं चित्र जाडंभरडं आणि दर १५ मिनिटांनी. तीनशे मैलांवरच्या वादळांची रांग कुठे वळतेय हे मला निघतानाच कळायला हवं.

म्हणून मी गार्मिनचा जीडीएल ५२ घेतला. एकाच डब्यात एडीएस-बी आणि सिरियसएक्सएम (उपग्रहावरून हवामान देणारी वर्गणीची सेवा) दोन्ही. वर्गणी जड जाते, मान्य. पण इंधनाच्या खर्चापुढे काहीच नाही.

पंखवाला

थांबलात हे उत्तमच केलंत. पण उपग्रहाचं चित्रही शिळंच असतं की. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने) जून २०१२ मध्ये वैमानिकांना इशारा दिला होता. पडद्यावर चित्राचं जे वय दिसतं ते अनेक रडारांचे तुकडे जोडून चित्र तयार झाल्यापासूनचं असतं. आतली नोंद त्याहून १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते. ३० नॉटच्या (ताशी ३० नॉटिकल मैल) वेगाने सरकणारं वादळ २० मिनिटांत १० नॉटिकल मैल पुढे आलेलं असतं. तुकडे जोडायची पद्धत दोन्हीकडे तीच आहे. पैसे भरून विलंब जात नाही.

टेक्सासकर

विलंब जात नाही, वाढत मात्र नाही. मुळातच शिळ्या चित्रावर आणखी १५ मिनिटांची वाट कशाला? आणि दोन ढगांमधल्या फटीतून वाट काढायला मी ते वापरतच नाही. तीव्र वादळापासून निदान २० मैल लांब राहा असं एफएएचं सांगणं आहे, ते मी पाळतो. चित्र लागतं ते आज निघायचं की उद्या एवढ्याचसाठी, आणि तो निर्णय जमिनीवर होतो.

आयोवाकर

तुम्ही तरुण मंडळी पडद्यांवर भांडताय, मी बाहेर बघायला सांगणार आहे.

माझं विमान मक्याच्या शेतांमधल्या धावपट्टीवर असतं. कंट्रोल टॉवर नाही, सक्तीची हद्द नाही, म्हणून मी आउट बसवलेलं नाही. मुलाने रिसिव्हर भेट दिला, तो लावून उडतो. मागच्या जुलैत डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडायच्या टप्प्यात) होतो, पडदा स्वच्छ. सहज डावीकडे पाहिलं तर फवारणीचं पिवळं विमान माझ्या खाली जेमतेम दोनशे फुटांवर शेताच्या टोकाला वळत होतं. पडद्यावर त्याचा मागमूस नाही. त्या स्वच्छ पडद्यामुळे मी त्या बाजूला आधी पाहिलं नव्हतं, हे कबूल करतो. ती चूक माझी होती आणि ती त्या यंत्रामुळे झाली.

पंखवाला, हडसनच्या ज्या अपघाताचं तुम्ही नाव घेतलंत, त्याचा अहवाल पुन्हा वाचा. दोन्ही विमानांत ट्रॅफिक दाखवणारी यंत्रणा होती. ती नीट वापरली गेली नाही, असं एनटीएसबीने कारणांत लिहिलं आहे. माणसं गेली तेव्हा पडदा नव्हता असं नाही.

वाऱ्यावरची (ॲरिझोना, प्रशिक्षक)

काका, तुमचा अनुभव अंगावर आला. पण तुमचा पडदा कोरा का होता याचं अर्धं उत्तर तुमच्याच विमानात आहे, रागावू नका.

ज्यांच्याकडे एडीएस-बी आउट नाही पण ट्रान्सपाँडर आहे, अशी विमानं रडारला दिसतात आणि मनोरे ती माहिती इतर विमानांना पाठवतात. त्याला टिस-बी म्हणतात. पण मनोरा ती सगळ्यांसाठी ओतत नाही. ज्या विमानाचं आउट त्याला ऐकू येतं, त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल त्रिज्येचा आणि वर-खाली ३,५०० फुटांचा चपटा गोल डबा कल्पून त्यातलीच विमानं पाठवतो. तुमचं आउटच नाही, म्हणजे तुमचा डबा नाही. तुम्हाला दिसतं ते शेजारून जाणाऱ्या दुसऱ्याच्या डब्यातलं, आणि तो लांब गेला की तुमचं आभाळ मोकळं दिसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते: आउटशिवाय इन घ्याल तर अर्धवट चित्राला पूर्ण समजून बसाल.

आयोवाकर

हे मला माहीत नव्हतं. पण ताई, तरीही मुद्दा सुटत नाही. तो फवारणीवाला जमिनीपासून काहीशे फुटांवर होता. आमच्याकडे तेवढ्या खाली रडार पोचत नाही. माझं आउट असतं तरी रडारला न दिसलेलं विमान मनोरा कुठून पाठवणार? आणि पायपर कबसारखी जुनी विमानं, ज्यांना मुळात वीजयंत्रणाच नाही, त्यांना तर नियमातूनच सूट आहे. फुगे आणि ग्लायडरही त्यात आले.

वाऱ्यावरची

बरोबर. तो दिसलाच नसता. हे मी खोडणार नाही.

पण डोळ्यांच्या मर्यादाही बघा. १३ मे २०१९, अलास्कातलं केचिकन. पर्यटकांची दोन समुद्रविमानं, एक बीव्हर आणि एक ऑटर, लख्ख उजेडात धडकली, ६ माणसं गेली. दोन्हींत एडीएस-बी होतं. ऑटरच्या यंत्रणेतून उंचीच प्रसारित होत नव्हती, म्हणून बीव्हरमधल्या आयपॅडवरचा धोक्याचा इशारा वाजला नाही. ऑटरच्या नव्या यंत्रणेत तर इशारा वाजण्याची सोयच उरली नव्हती. एकमेकांकडे येणारं विमान काचेवर जागचं हलत नाही, नुसतं मोठं होत जातं, तेही शेवटच्या काही सेकंदांत. म्हणून माझा आग्रह पडद्याचा नाहीच. रिसिव्हरचा इशारा हेडसेटमध्ये ऐकू आलाच पाहिजे. आयपॅड ब्लूटूथने हेडसेटला जोडा, इशारा ऐका, नजर बाहेर न्या, शोधा. पॅटर्नमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) विद्यार्थी पडद्याकडे पाहायला लागला की मी नकाशाचं पान बंद करते.

पंखवाला, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) सेन्सरच्या बाजूने मी तुमच्याबरोबर आहे. १७२ मध्ये केबिनचा हीटर एक्झॉस्टच्या मफलरवरून हवा घेतो. मफलरला चीर गेली की तुम्ही काय श्वासात घेताय ते नाकाला कळत नाही. एनटीएसबीने जानेवारी २०२२ मध्ये मांडलेल्या हिशेबात १९८२ ते २०२० मधले अशा विषबाधेचे ३१ अपघात आहेत, त्यातले २३ जीवघेणे, ४२ मृत्यू. घेताना मॉडेल मात्र नीट पाहा. सेंट्रीचं धाकटं भावंड 'मिनी' स्वस्त आहे, पण त्यात हा सेन्सरही नाही आणि बॅटरीही नाही.

सोल्डरवाला (ओरेगन)

कुणीच स्ट्रॅटक्सचं, म्हणजे स्वतः जोडायच्या रिसिव्हरचं, नाव घेत नाही म्हणून लिहितोय. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, रेडिओ ऐकणारे दोन छोटे एसडीआर डोंगल, जीपीएस आणि पंखा. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे. माहिती जीडीएल ९० या सर्वपरिचित साच्यात येते, त्यामुळे बहुतेक ॲप ती वाचतात. सेंट्री घेतलीत की फोरफ्लाइट या एकाच ॲपशी बांधले जाता. उद्या ॲपची वर्गणी वाढली तर रिसिव्हर हातात असूनही तुम्ही अडकलात. माझ्या स्ट्रॅटक्सचा डोंगल गेला तेव्हा मी नवा लावून दुसऱ्या दिवशी उडालो.

पंखवाला

तुमच्या हातात कसब आहे, मनापासून कौतुक. पण आमच्यातले दोघे सोल्डरिंगची बंदूक हातातही धरत नाहीत. रविवारी सकाळी विमान नेणाऱ्याला मेमरी कार्ड बिघडलेलं आढळलं तर तो मला फोन करणार की रिसिव्हरशिवाय उडणार? उडणारच. चौघांनी वापरायची वस्तू चौघांनाही चालवता यायला हवी. फोरफ्लाइटशी बांधले जाण्याचा मुद्दा मात्र मला खरंच बोचतो. चौघांपैकी एक जण गार्मिन पायलट हे दुसरं ॲप वापरतो.

सोल्डरवाला

मग त्याचं काय करणार? चौथ्या भागीदाराने आंधळं उडायचं का?

बारामतीहून

नमस्कार. मी इथे प्रशिक्षण घेतोय. असा रिसिव्हर इथे उपयोगी पडेल का?

वाऱ्यावरची

हवामानासाठी नाही. ९७८ ची ही सेवा अमेरिकेची आहे, भारतात ते मनोरे नाहीत. १०९० वर आउट पाठवणारी विमानं थेट ऐकू येतील तेवढीच. वापरण्याआधी तुमच्या संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकांना विचारा, परवानगीशिवाय विमानात काहीही नेऊ नका.

टेक्सासकर

पंखवाला, चौथ्याच्या प्रश्नाला जीडीएल ५२ हे उत्तर आहे. गार्मिन पायलट आणि फोरफ्लाइट दोन्हींशी बोलतो. वर्गणी नको असेल तर त्याचंच बिनउपग्रहाचं भावंड जीडीएल ५० घ्या. सीओ सेन्सर वेगळा घ्या, तो काही महाग नाही.

पंखवाला

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सेन्सर त्याच डब्यात असावा हा हट्ट मी सोडू शकतो. शनिवारी चौघे भेटतोय, तिथे हेच मांडतो. उपग्रहाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. आमची उड्डाणं दीडशे मैलांच्या आतली असतात आणि निघताना फोनला रेंज असते.

आयोवाकर

ताईंच्या सांगण्यावरून आउटसाठी चौकशी केली. शेपटीच्या दिव्याच्या जागी बसणारा एक प्रकार आहे, मेकॅनिक येऊन बघणार आहे. म्हणजे निदान मी तरी दुसऱ्यांना दिसेन. रिसिव्हर मात्र मी मागच्या बाजूच्या खिडकीला लावलाय आणि आयपॅड पिशवीत ठेवलाय, नुसता आवाज हेडसेटमध्ये. वाजला तर बघेन. न वाजला तर जास्तच बघेन.