बाबाच्या हाताले चट्टा, करंगळी वाकून राह्यली. नसेत नेमकं काय बिघडते?

वरोरा तालुका, कास्तकार:
बाबाच्या उजव्या हातावर कोपराखाली फिक्कट चट्टा हाये. खाजत नाही, दुखत नाही. एका डॉक्टरनं गजकर्णाचा मलम देल्ला, फरक नाही. आता कापूस वेचताना करंगळी न् तिच्या बाजूचं बोट सरळ होत नाही. चहाचा गरम गिलास टेकला तरी समजत नाही. आशाताई म्हणते कोपरातली नस जाड लागते, कुष्ठरोगाची तपासणी करा. रोग चामडीचा, मंग नस कायले मरते? मेंदूपर्यंत जाईन काय? माय लय घाबरली हाये.

निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ, चंद्रपूर:
भाऊ, आशाताईंनी बरोबर ओळखलं. नोकरीभर मी गावोगाव लोकांची कोपरं चाचपत फिरलो, म्हणून सविस्तर लिहितो.

हा रोग दिसतो चामडीवर, पण जंतूचं खरं ठिकाण नसेत. नसेत हजारो बारीक धागे असतात. एकेक धागा म्हणजे एका चेतापेशीचा अक्षतंतू. पेशीचं मूळ अंग मणक्यात किंवा मणक्यालगत, आणि धागा तिथून थेट बोटाच्या टोकापर्यंत. या धाग्यांना बिलगून श्वान पेशी असतात, त्यांना सांभाळतात. १८७३ साली नॉर्वेत हान्सेननं शोधलेला जंतू नेमका या श्वान पेशींत शिरतो. त्याला अंगाचा थंड भाग मानवतो, म्हणून कोपर आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, जिथं नस चामडीच्या अगदी खाली असते, तिथं तो जोर धरतो. मग आपलंच शरीर त्याच्याशी लढायला उतरतं, नस सुजते आणि आतले धागे दबतात.

कोपरातल्या नसेकडे करंगळीचा स्पर्श आहे आणि बोटं सरळ ठेवणारे पंजातले लहान स्नायूही आहेत. बाबांना दोन्ही त्रास एकदम का, ते यावरून कळेल. आधी थंड-गरम कळणं जातं, कारण ते वाहणारे धागे सगळ्यांत बारीक.

जीवशास्त्र शिक्षिका, हिंगणघाट:
पोरांना मी श्वान पेशी म्हणजे वायरवरचं रबर असं सांगत नाही, कारण रबर निर्जीव असतं. ही पेशी जिवंत आहे. जाड धाग्याभोवती ती मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त आवरणाचे, वेढे घालते. दोन पेशींमध्ये बारीक फट असते आणि संदेश त्या फटींवरून उड्या मारत जातो. मायलिन असलेल्या जाड धाग्यात वेग सेकंदाला ५० मीटरच्याही वर, उघड्या बारीक धाग्यात साधारण १ मीटर. धागा तुटला तर नव्या धाग्याला वाट दाखवणारीही हीच पेशी. ती वाढ दिवसाला जेमतेम १ मिलीमीटर.

मेंदूत आणि मेरुरज्जूत मायलिन घालणाऱ्या पेशी वेगळ्या, तिथं श्वान पेशी नसतात. हा रोग मेंदूवर जात नाही, आईंना निर्धास्त करा.

वरोरा तालुका, कास्तकार:
ताई, मायले वाचून दाखवलं. बाबाचं ताट वेगळं ठेवू का? घरात लहान पोरगं हाये.

निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ, चंद्रपूर:
ताट अजिबात वेगळं करू नका. बाबा आमट्यांच्या आनंदवनाच्या तालुक्यात तरी हे होऊ नये. औषध सुरू झालं की लागण देण्याची ताकद लवकरच संपते. पोराची आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने. त्यानं जंतू मरतो, पण सुजलेल्या नसेचं वेगळं पाहावं लागतं. बोटाची ताकद जाऊन सहा महिने व्हायच्या आत डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं तर ती परत येण्याची चांगली आशा असते. बोट कधीपासून वाकलं ते तारखेनिशी डॉक्टरांना सांगा. वेचणी राहू द्या, उद्याच जा. तोवर बाबांना चुलीजवळ आणि गरम भांड्याला उजवा हात लावू देऊ नका, आणि रोज रात्री उजेडात त्यांचा पंजा पाहा. बोंडाच्या टोकानं चिरलं तरी त्यांना कळणार नाही.