जबितुया हे आडनाव कुठल्या तालुक्यातलं?

लालबागकर
परवा लेकीला 'शॉर्ट सर्किट' (१९८६) दाखवला. आमच्या चाळीत गणपतीत भाड्याने व्हीसीआर यायचा, रात्रभर तीन कॅसेटी, त्यातलाच हा. चित्राला खालून पट्टे यायचे, इंग्रजी कुणाला ओ की ठो कळायचं नाही. रोबो आला की पोरं उड्या मारायची आणि सिनेमातला तो भारतीय बेन आला की मोठी माणसं. "अरे, हा तर आपला माणूस!" असं शेजारचे नाना दर वेळी म्हणायचे.

लेकीने दहाव्या मिनिटाला विचारलं, "बाबा, ह्याने तोंडाला काय फासलंय?" पॉज करून बघितलं तर खरंच फासलेलं. नट फिशर स्टीव्हन्स, शिकागोत जन्मलेला गोरा. पात्राचं आडनाव जबितुया. दुसऱ्या भागात (१९८८) तोच बेन जाहर्वी होतो. म्हणजे जे काय ठेवलं होतं तेही कुणी लक्षात ठेवलं नाही!

तर, जुन्या मारामारी-कम-विनोदी सिनेमांत 'वेगळा' माणूस फक्त हशा काढायलाच होता का? विचारतोय कारण परवाही मी हसलोच.

पार्ले पूर्व
हसा की. "तू कुठला?" विचारल्यावर तो बेकर्सफील्ड सांगतो. नाही नाही, पूर्वज कुठले? तर पिट्सबर्ग. हा टोला विचारणाऱ्यालाच आहे, म्हणजे लिहिणाऱ्यांना अक्कल होती. दुसऱ्या भागात तर बेनच हिरो, हिरॉईनही त्याचीच. भारतीयाची भूमिका एवढी वाढवली, फक्त ती भारतीयाला दिली नाही. मला राग त्याचा येतो, उच्चारांचा नाही.

डबलसीट
एडी मर्फीला विसरलात? 'बेव्हर्ली हिल्स कॉप' (१९८४) आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोन करणार होता. मर्फी आला आणि हॉटेलच्या काउंटरवरचा तो सीन बघा: खोली नाही म्हटल्यावर हा सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असा ओरडतो, काळा आहे म्हणून नाकारताय, आणि थेट स्वीट पदरात पाडून घेतो. इथे पंचाईत होते ती समोरच्याची. पण जेनी मात्र शेवटपर्यंत नुसती मैत्रीण. गोरा हिरो असता तर एक गाणं... बरं, गाणं नाही, निदान एक चुंबन तरी झालं असतं.

नायगाव लाईन
हॉलिवूडचं राहू द्या. वडील पोलीस खात्यात, मी पोलीस लाईनीत वाढलो. हिंदी सिनेमात इन्स्पेक्टर खन्ना नाहीतर वर्मा, आणि सॅल्यूट ठोकायला हवालदार पांडू. वडील थेटरात पुटपुटायचे, "माझा साहेब साताऱ्याचा, हा खन्ना कुठून बदलून आला?"

मग 'अर्ध सत्य' (१९८३) आला. विनोदी नाही, माहितीये. पण इन्स्पेक्टर वेलणकर! वडील घरी येईपर्यंत बोलले नाहीत. वेलणकर झाला होता ओम पुरी, अंबाल्याचा पंजाबी. त्याबद्दल वडिलांनी कधीच तक्रार केली नाही. आता ह्याचा अर्थ तुम्हीच लावा.

लालबागकर
@नायगाव लाईन, ओम पुरीने तोंडाला काही फासलं नव्हतं, एवढंच म्हणेन. पण 'आपला माणूस' म्हणणारे आमचे नाना आणि तुमचे वडील, दोघं डोक्यातून जात नाहीयेत.

दुसरा भाग कुणाकडे आहे का? लेकीला बघायचाय. अट अशी, की आडनाव का बदललं ते मी तिला आधी सांगायचं.