मुलीचं नाव ग्वेनल्हिअन ठेवावं का? मोकळेपणाने सांगा

सागरकाठ

सात वर्षं झाली, आम्ही वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला राहतो. नवरा इथलाच. त्याच्या घरात सगळे वेल्शच बोलतात, सासूबाई माझ्यासाठी इंग्रजीवर येतात. मला आठवा लागलाय, मुलगी आहे हे कळलंय (इथे सांगतात). जन्मनोंद ४२ दिवसांत करावी लागते, त्यामुळे नाव आधीच ठरवून ठेवायचंय.

माझ्या मनात एकच नाव आहे: ग्वेनल्हिअन. वेल्सचा शेवटचा स्वतंत्र राजा ल्हवेलिन, त्याची ही एकुलती एक मुलगी. १२८२ साली जन्मली. आई बाळंतपणातच गेली, त्याच वर्षी डिसेंबरात वडील लढाईत मारले गेले. इंग्लंडच्या राजाने हे तान्हं मूल उचलून लिंकनशरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात ठेवलं, म्हणजे पुढे तिला वारस व्हायलाच नको. १३३७ साली ती तिथेच वारली. ही हकिगत ऐकल्यापासून ते नाव माझ्या डोक्यातून जात नाही.

आई कोल्हापूरला असते. ती म्हणते, "अगं, हाक कशी मारायची तिला?" भाऊ म्हणतो निया ठेव, वेल्शही आहे आणि आपल्याकडेही चालतं. तुम्हाला काय वाटतं? परदेशात मुलं वाढवलेल्यांनी तर नक्की सांगा.

माळावरचं घर

कडू वाटेल, तरी सांगते. नको ठेवूस.

आम्ही इंग्लंडमध्ये. मुलीचं नाव मृण्मयी ठेवलं, फार हौसेने. शाळेचा पहिला दिवस, मी दारातच उभी होते. बाई हजेरी घेत होत्या. एकेक नाव भराभर येत होतं, आणि हिच्या नावापाशी बाई थांबल्या. सगळी पोरं मागे वळून बघायला लागली. बाई म्हणाल्या, "हे मी म्हणायचा प्रयत्नच करत नाही." पाच वर्षांच्या पोरीने मान खाली घातली. दुसरीत गेल्यावर तिने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, मला मिया म्हणा. आता ती तेरा वर्षांची आहे, घरीसुद्धा मियाच. आपली हौस होते, भोगतं पोर.

आणि ज्या मुलीने अख्खं आयुष्य कैदेत काढलं तिचं नाव बाळाला द्यायचं? माझं तर मन धजणार नाही.

तळ्याकाठचा बगळा

@माळावरचं घर, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे नाव परकं होतं. सागरकाठ राहतात त्या गावात हे नाव घरचं आहे, हा फरक सोडून कसा चालेल?

मी कार्डिफमध्ये आहे. दोन्ही मुलं वेल्श माध्यमात जातात. तिथल्या शिक्षकांना ग्वेनल्हिअन म्हणायला काहीच पडत नाही. अडखळलाच तर माझ्यासारखा पुणेकर अडखळेल.

कैदेबद्दलही बोलतो. त्याच नावाची आणखी एक होऊन गेली. ११३६ साली नवरा उत्तरेत मदत मागायला गेलेला असताना ती स्वतः फौज घेऊन किडवेलीला नॉर्मनांवर (तेव्हाचे इंग्लंडचे राज्यकर्ते) चालून गेली आणि तिथे पडली. त्या जागेला आजही मायस ग्वेनल्हिअन म्हणतात, ग्वेनल्हिअनचं शेत. मठातल्या मुलीचं नाव तर २००९ मध्ये एरिरीच्या (स्नोडोनिया) डोंगरांतल्या एका शिखराला दिलं, कार्नेद ग्वेनल्हिअन. सव्वासातशे वर्षांनी लोकांनी तिला परत आणली. आपल्याकडे सीता, द्रौपदी, कुंती ही नावं घरोघर होती. त्यांच्या वाट्याला काय कमी आलं होतं?

अनुस्वार

कोल्हापूरच्या आजींना अवघड जाईल? मला उलट वाटतं. इंग्लिश माणसाला वेल्शचा हा जोड-ल (स्पेलिंगमध्ये ll) सहसा जमत नाही, तो "क्ल" नाहीतर "थ्ल" म्हणून वेळ मारून नेतो. आपल्या तोंडात "ल्ह" तयार आहे. कोल्हापूर म्हणा, ल्ह वर थांबा, जीभ टाळूला तशीच ठेवा, आवाज बंद करा आणि जिभेच्या कडांनी नुसती हवा सोडा. झालं. ग्वेनल्हिअनमध्ये जोर "ल्हि" वर द्यायचा, कारण वेल्शमध्ये तो बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो.

सोप्या वाटणाऱ्या वेल्श नावांनी मात्र जपून राहा. Haf म्हणजे उन्हाळा, मुलींचं गोड नाव, पण एका एफचा उच्चार व होतो, म्हणून ते "हाव". Mali ऐकून आपली माणसं विचारतील, माळी का? Siân म्हणजे "शान", ते चालून जाईल. Angharad म्हणजे फार लाडकी. आपल्या "वाङ्मय"मधला ङ घेतला तर अङ्हारद असं चोख लिहिता येतं, पण आजी त्याचा अंगारा करणार हे नक्की. सेरेन (तारा) आणि एइरा (बर्फ) दोन्हीकडे सुखाची आहेत.

(वर Haf वगैरे रोमनमध्ये लिहावं लागलं, कारण घोळ स्पेलिंगमध्येच आहे. देवनागरीत लिहिलं की घोळच उरत नाही.)

शेवंती

सगळे उच्चारावर बोलताय. मला वेगळंच खुपतंय. आडनाव नवऱ्याचं, भाषा सासरची, गाव सासरचं, आता नावही सासरच्या इतिहासातलं. मग त्या मुलीत तुझं काय राहिलं गं? निया ठेव असंही मी म्हणणार नाही, तेही आयरिश नीव्हचं वेल्श रूप आहे. मराठी नाव ठेव. सासरचे शिकतील. तू नाही का शिकलीस त्यांची भाषा?

सागरकाठ

@शेवंती, तुझा प्रश्न दोन दिवस मनात घोळतोय. खरं सांगते, अजून वेल्श नीट येत नाही मला. संध्याकाळच्या वर्गाला जाते, दुकानात दोन वाक्यं बोलते आणि पुढे अडते. लेक माझ्याआधी बोलायला लागेल.

पण हे नाव नवऱ्याने सुचवलेलं नाही. त्याला कातरिन चाललं असतं. हट्ट माझा आहे. इथे जुन्या रीतीने मुलीच्या नावापुढे "वेर्ख" म्हणजे "ची मुलगी" लावून बापाचं नाव घेतात. ग्वेनल्हिअन वेर्ख ल्हवेलिन. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्यासारखंच, मुलीचं नाव आणि पाठोपाठ वडिलांचं. ते नाव मला सासरचं वाटतच नाही.

माळावरचं घर

@तळ्याकाठचा बगळा, तुम्ही म्हणता नाव घरचं आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे किती निघाले? १७.८ टक्के. पाचात एकही नाही. खुद्द वेल्समध्ये ही स्थिती. आणि ती मुलगी जन्मभर अ‍ॅबरिस्टविथलाच राहणार आहे का? उद्या शिकायला मँचेस्टरला जाईल, नोकरीला लंडनला. त्या मठातल्या नोंदींत तिचं नाव वेडंवाकडंच लिहिलेलं सापडतं, हेही वाचा. शेवटी सगळे ग्वेनच म्हणणार. मग ग्वेनच ठेवा की.

तळ्याकाठचा बगळा

१७.८ टक्केच उरलेत, म्हणून तर ठेवायचं. एकोणिसाव्या शतकात इथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे, "वेल्श नॉट" म्हणायचे तिला. पुढचं पोर सापडलं की पट्टी त्याच्या गळ्यात, आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. आईबापांनीच घरात भाषा बंद केली, पोराच्या भल्यासाठी. लोकांना म्हणता येत नाही म्हणून नाव सोडा, हा सल्ला मला त्याच वळणाचा वाटतो. तुमच्या लेकीच्या बाईंनी प्रयत्न करायला हवा होता. चूक त्यांची होती, मृण्मयी नावाची नव्हती.

सागरकाठ

काल आईशी व्हिडिओवर बोलले. अनुस्वार यांनी सांगितलं तसं तिच्याकडून म्हणवून घेतलं. पाच-सहा वेळा "कोल्हापूर, कोल्हापूर" झालं आणि मग एकदम हवा सुटली. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बारसं इथेच करायचं. कानात नाव आत्या सांगणार, म्हणजे माझी नणंद. तिला "कुर्रर्र" पहिल्या फटक्यात आलं, वेल्शचा र तसाच घोळवतात. शेवंती, मधलं नाव मराठीच असेल, माझ्या आजीचं: इंदू. पहिलं मात्र ग्वेनल्हिअन.

माळावरचं घर

माझं मत बदललेलं नाही. तरी ठरवलंच आहेस तर एक कर. शाळा सुरू व्हायच्या आधी तू स्वतः जा, वर्गाच्या बाईंसमोर नाव दोनदा म्हण आणि त्यांच्याकडून म्हणवून घे. मी दारातच उभी राहिले होते, आत गेले नाही.