व्हाइस सिटीत बसलेला हात सॅन अँड्रियासमध्ये का बसत नाही?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी. प्रश्न जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) या जुन्या गेमच्या दोन भागांचा आहे, आधीचा व्हाइस सिटी आणि नंतरचा सॅन अँड्रियास, पण मला खरंच उत्तर हवंय.

२००६ साली अकरावीला जळगावला होतो. क्लास सुटल्यावर एसटीला वेळ असायचा, तो स्टँडजवळच्या एका सायबर कॅफेत जायचा. तासाला पंधरा रुपये. माझा कॉम्प्युटर ठरलेला, सहा नंबरचा. जाड काचेचा मॉनिटर, आणि कीबोर्डवरचं डब्ल्यूचं अक्षर पार पुसून गेलेलं. तिथे दोन वर्षं फक्त व्हाइस सिटी खेळलो. मधेच लाइट जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं जायचं, तरी दुसऱ्या दिवशी तिथेच.

तो खेळ हातात बसला होता. टॉमीला, म्हणजे त्यात आपण खेळवतो त्या माणसाला, डावीकडे वळवायचं मनात आलं की तो वळलेला असायचा. पीसीजे बाइक घेऊन समुद्रकाठच्या रस्त्यावर दोन गाड्यांच्या फटीतून काढताना मी बोटांकडे कधी पाहिलं नाही. डेमोलिशन मॅन नावाच्या मिशनमध्ये ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत न्यायचं, चार मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचे. एका हाताने उंची सांभाळायची, दुसरा हात कीबोर्डच्या उजव्या कडेच्या नंबरपॅडवर. कॅफेतली निम्मी पोरं तिथे अडकलेली असायची. मला जमलं तेव्हा मागे सात-आठ जण उभे होते.

आता घरी केळीचा बाग बघतो. पुतण्या पुण्याला शिकतो, त्याने जुना लॅपटॉप मला दिला. दिवाळीपासून हॉलमधल्या टीव्हीला जोडून सॅन अँड्रियास खेळतोय, २००५ साली कॉम्प्युटरवर आलेलं मूळचंच. खेळ मोठा आहे, तीन शहरं आहेत, ज्या पाण्यात टॉमी पडला की मरायचा त्यात इथला नायक सीजे पोहतो, भिंतीवर चढतो. पण हात काही बसत नाही. सीजे बटण दाबल्यावर क्षणभराने हलतो. बाइकवरून जरा धक्क्याने खाली. पाण्यात तर तो जागचा हलत नाही, किनारा समोर दिसतो पण येत नाही. ट्रेनच्या मागे बाइक पळवायचं मिशन आहे, त्यात नऊ वेळा हरलो.

आमच्याकडे आधी पॉवर स्टेअरिंग नसलेला ट्रॅक्टर होता. दंड ओलांडताना दगड कुठल्या चाकाखाली आला ते तळहाताला कळायचं. नवीन घेतल्यावर स्टेअरिंग बोटाने फिरायला लागलं, पण पहिलं वर्षभर मला वावर कळेनासं झालं होतं. इथे तसंच झालंय का? पुढच्या भागात कंट्रोल मुद्दाम बदललेत, की माझा हात गेला, की मशीनचा दोष आहे?

---

जंक्शन (भुसावळ)

भाऊ, हात कुठे जात नाही. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात, त्या सोडवून घेऊ.

पोहण्याचं आधी. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर आहे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढायची त्याची मर्यादा, तो बंद असणार. तो चालू करा. हा गेम सेकंदाला तीसच्या आतबाहेर फ्रेम धरून बनवलेला आहे. त्यातली काही गणितं वेळेवर नाही, फ्रेमवर चालतात. लॅपटॉप सेकंदाला शंभर फ्रेम काढायला लागला की ती गणितं चुकतात, आणि पोहण्यात ते सगळ्यात आधी दिसतं. पुतण्याने चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून लिमिटर काढून ठेवला असेल.

दुसरं, टीव्ही. तुम्ही बटण आणि हालचाल यांच्यामधल्या क्षणाबद्दल लिहिलंय, त्यात टीव्हीचा मोठा वाटा असणार. आताचे टीव्ही आलेलं चित्र आधी सुधारतात, मग दाखवतात. सिनेमा बघताना कळत नाही, खेळताना कळतं. कॅफेतला जाड काचेचा मॉनिटर असलं काही करत नव्हता, सिग्नल आला की काचेवर. टीव्हीच्या मेन्यूत गेम मोड असेल तर तो लावा. नसेल तर एक दिवस टीव्ही काढून लॅपटॉपच्या स्क्रीनवरच खेळून बघा.

तिसरी गोष्ट मात्र गेमचीच आहे आणि मला ती फार आवडते. टॉमी पहिल्या मिशनला जसा बाइक चालवतो तसाच शेवटच्या मिशनला. सीजे तसा नाही. पॉज करून स्टॅट्स बघा. बाइक, कार, सायकल, विमान, बहुतेक बंदुका, सगळ्याचं कौशल्य वेगळं मोजलेलं आहे. बाइकचं कौशल्य कमी असेल तर तो धक्क्याला लवकर पडतो. पिस्तुलाचं पूर्ण झालं की दोन्ही हातात पिस्तूल येतं. फार खाऊ घातलं तर जाड होतो आणि धावणं मंदावतं. तुम्ही बाइक न शिकलेल्या माणसाला ट्रेनमागे पळवताय.

त्या मिशनसाठी दोन गोष्टी. आधी अर्धा-एक तास नुसती बाइक चालवा. आणि ट्रेनला चिकटू नका, थोडं अंतर ठेवून समांतर चला. मागे बसलेल्या बिग स्मोकला, म्हणजे सीजेच्या मित्राला, नेम धरायला जागा लागते. आमचं घर रेल्वे लाइनीला लागून आहे. लांबून गाडी सावकाश वाटते, जवळ गेलं की अंगावर येते, तसंच आहे ते.

---

पांझरा (धुळे)

माझा अनुभव थोडा वेगळा. मी प्रिन्स ऑफ पर्शियावाला. २००३ चा सँड्स ऑफ टाइम, मग २००४ चा वॉरियर विदिन. दुसऱ्यात लढाई कितीतरी मोकळी केली, पडलेली दुसरी तलवार उचलायची, फेकायची. सगळे म्हणाले सुधारलं. पण पहिल्यात भिंतीवरून धावताना जी शांतता होती ती माझ्यासाठी दुसऱ्यात राहिली नाही, आणि भिंतीवर धावायची पद्धत तर तीच होती! म्हणून म्हणतो, सगळं मशीनवर ढकलू नका. हाताला आधीची सवय असते आणि तिला स्वतःचं मत असतं.

---

केळीपट्टा (रावेर)

काय भो, एवढा त्रास कशाला? २०२१ ला जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तिन्ही गेम एकत्र नवीन करून आलेत, अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. नेम धरणं, हत्यार निवडायचं चक्र, सगळं जीटीएच्या पाचव्या भागासारखं केलंय. ते घ्या, हात लगेच बसेल.

---

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे आभार. तीन दिवस लाइटच्या वेळा सांभाळून एकेक करून बघितलं, म्हणून उशीर झाला.

जंक्शन भाऊ, लिमिटर बंदच होता. चालू केला आणि सांता मारियाच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरलो. सीजे सरळ पोहत गेला. मी हॉलमध्ये एकटाच मोठ्याने ओरडलो, आई आतून विचारायला आली. दीड महिना मी समजत होतो की हा माणूस पोहायला नीट शिकलाच नाही.

टीव्हीत गेम मोड सापडला नाही. लॅपटॉप खाटेवर घेऊन बसलो. फरक आहे, स्पष्ट आहे. टॉमीइतकं चटकन नाही, पण बटण आणि पाय यांच्यातलं ते अंतर गेलं.

बाइकचं मात्र मला लिहायचंय. तुम्ही म्हणालात तसं मिशन सोडून दोन संध्याकाळ नुसती बाइक फिरवली. डोंगराच्या पायवाटा, रेल्वेचे रूळ, गावाबाहेरचे मातीचे रस्ते. पहिल्या संध्याकाळी मोजून चौदा वेळा पडला, दुसऱ्या दिवशी पाच. मला वाटलं सीजे शिकला. मग जुनी सेव्ह उघडली, ज्यात त्याचं कौशल्य कमीच आहे. तिथेही मी आधीपेक्षा कमी पडलो. म्हणजे वळणाआधी ब्रेक लावायचं मलाही कळलं होतं. कुठे तो संपतो आणि कुठे मी सुरू होतो, ते आता सांगता येत नाही. व्हाइस सिटीत असं कधी झालं नव्हतं. तिथे जे काही सुधारलं ते माझं एकट्याचं.

ट्रेनचं मिशन दुसऱ्या प्रयत्नात झालं. अंतर ठेवून चाललो.

पांझरा भाऊ, तुमचं पटलं. लिमिटर लागला, टीव्ही सुटला, बाइक आली, तरी पहिल्या खेळाची हाताला जी ओढ आहे ती आहेच. काल मुद्दाम व्हाइस सिटी लावून बघितला. दहा मिनिटांत बोटं आपोआप तिथे. आणि भिंतीवर उडी मारून वर चढायला गेलो, टॉमी नुसता भिंतीला धडकला. तेव्हा सीजेची आठवण आली.

रावेरकर भाऊ, नवीन केलेलं घेणार नाही असं नाही, पण आता नको. मला हाच हात बसवायचाय.

एक राहिलं. पुढे वाळवंटातल्या धावपट्टीवर विमान शिकल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही असं कळलं. या लॅपटॉपला नंबरपॅडच नाही. वेगळा जोडायचा नंबरपॅड मिळतो म्हणतात. शनिवारी केळीच्या हिशेबाला जळगावला जाणार आहे, तेव्हा गोलाणी मार्केटला बघतो. कुणी वापरला असेल तर त्याने बटण उशिरा लागतं का, तेवढं सांगा.

---

जंक्शन (भुसावळ)

मी वापरतो, वायरचा. उशीर जाणवत नाही. बिनवायरचा घेऊ नका, माझा आधीचा मधेच झोपायचा. आणि विमानाच्या शाळेत उतरायचा धडा आला की वेग फार आधीपासून कमी करायला लागा.