पावसाळ्यात गाईच्या दुधाची फॅट घसरते, काय करावं?

प्रश्न (गुहागर): मृग लागल्यापासून संकरित जर्सीची फॅट ४.२ वरून ३.३ वर आलीय. दूध उलट वाढलंय. ओला चारा भरपूर, पेंढ्याला तोंड लावत नाहीत.

उत्तर (कुडाळ): कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. रवंथ घटली की लाळ कमी सुटते, पोटात आम्लता वाढते आणि फॅटसाठी लागणारं ॲसिटेट (पोटात तंतू आंबून तयार होणारं आम्ल) कमी पडतं. म्हणून सकाळी आधी भाताचा पेंढा, मगच ओलं. गाईमागे ३-४ किलो सुका चारा पोटात गेलाच पाहिजे. चाऱ्याची कुट्टी (तुकडे) इंचभर ठेवा, भुगा केलात तर रवंथ होणार नाही. बुरशी लागलेला पेंढा मात्र वाळवूनही देऊ नका! खुराक (पेंड-भरडा) एकदम न देता तीन-चार वेळा विभागून द्या, त्यात दिवसाला १०० ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळा.

उत्तर (पेण): धार शेवटपर्यंत काढता ना? सर्वांत जास्त फॅट शेवटच्या दुधात असते. दोन धारांमधलं अंतरही सारखं ठेवा.

प्रश्नकर्ता: एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) पण ८.२ वर उतरलंय.

उत्तर (कुडाळ): मग दगडीची (कासेच्या दाहाची) शंका घ्या. गोठा ओला असला की सुप्त (वरून लक्षणं न दिसणारी) दगडी वाढते. चारही सडांचं दूध वेगवेगळं तपासा.