डायनाफ्लेक्स रेकॉर्ड संथ वाजते, पेडल स्टील डुलते

घोडबंदरकर: अमेरिकन गायक माइक नेस्मिथचा १९७२ चा अल्बम 'अँड द हिट्स जस्ट कीप ऑन कमिन्', आरसीए कंपनीची अमेरिकन प्रत, लेबलवर डायनाफ्लेक्स. बेल्टचं टर्नटेबलही अमेरिकेतलंच, ११० व्होल्टचं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं. गाणी संथ, आवाज जाडा, त्यात पेडल स्टीलचा (पेडलं असलेल्या आडव्या गिटारचा) सूर डुलतो. रेकॉर्ड हातात धरली की वाकते. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवू का?

नौपाडा_एलपी: उन्हात मुळीच नको! खाचा मऊ पडल्या की कायमच्या गेल्या. आरसीएने डायनाफ्लेक्स मुद्दामच पातळ आणि लवचिक काढली होती.

संथपणाचं मूळ विजेत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी आपली ५० हर्ट्झच राहते. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झची सिंक्रोनस मोटर (विजेच्या फ्रीक्वेन्सीवर वेग ठरणारी) असेल तर मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात आणि सूर पेटीवर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो. मोटरची कप्पी (बेल्ट फिरवणारं छोटं चाक) बदला. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची मिळाली नाही, तर लेथवर पितळेची करून घ्या. माप असं: जुन्या कप्पीचा व्यास अधिक बेल्टची जाडी, गुणिले १.२, त्यातून बेल्टची जाडी वजा. भोक नेमकं मध्यावर हवं, नाहीतर नवी थरथर सुरू होईल. मग १८० रेघांच्या स्ट्रोब चकतीने (वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात) वेग तपासा, तोही जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली. एलईडीखाली बहुतेकदा रेघा स्थिर दिसतच नाहीत.

ऐरोली_सेक्टर८: डुलण्याचं वेगळं बघा. या अल्बमात ड्रम नाहीत, बास नाही. नेस्मिथची गिटार आणि गाणं, सोबत रेड ऱ्होड्सची पेडल स्टील. लांबलेल्या सुरातला दोष झाकायला काहीच नाही, म्हणून वेग तपासायला याच्याइतकी कडक रेकॉर्ड नाही. दर फेऱ्याला एकदा डुलत असेल (योग्य वेगात १.८ सेकंद), तर हेडशेलकडे (दांडीच्या सुई बसवलेल्या टोकाकडे) समोरून बघा. वरखाली होतंय तर रेकॉर्ड वाकलेली, डावीउजवीकडे जातंय तर भोक मध्यावर नाही. त्याहून भरभर थरथरत असेल तर बेल्ट किंवा मोटर. आपल्या दमट हवेत जुना रबर चिकट होतो.

घोडबंदरकर: डावीउजवीकडेच जातंय, पण फक्त दुसऱ्या बाजूला.

ऐरोली_सेक्टर८: होतं असं. दोन बाजूंचे स्टॅम्पर (खाचा उठवणारे साचे) वेगळे, भोक मात्र एकच. बारीक गोल कानसीने भोक अगदी केसभर वाढवा, भुगा ब्रशने झाडा, आणि ती बाजू लावताना हेडशेल स्थिर होईपर्यंत रेकॉर्ड सरकवा. पहिली बाजू लावतानाही आता मध्य हातानेच साधावा लागेल.